एस्प्रेसो की एक्स्प्रेसो? कॉफीच्या पाटीवरचे शब्द, त्यांचे अर्थ आणि लेखन

लग्नाच्या हॉलमध्ये वाफेची नळी भांड्यात बुडवून जी फेसाळ, गोड, वर चॉकलेट पावडर भुरभुरलेली कॉफी देतात, तिला आपल्याकडे सर्रास ‘एक्स्प्रेसो’ म्हणतात. त्या कॉफीत एस्प्रेसोचा थेंबही नसतो. असते ती इन्स्टंट पावडर, साखर आणि वाफेने फुगवलेले दूध. चवीबद्दल तक्रार नाही, नावाबद्दल आहे. कारण हेच नाव डोक्यात ठेवून माणूस कॅफेत जातो, एस्प्रेसो मागवतो आणि समोर येते दोन घोटांची इवलीशी कपभर कडू, काळी कॉफी. दूध नाही, साखर नाही.

पाटीवरचे बहुतेक शब्द इटालियन आहेत. ऐकायला भारदस्त वाटले तरी ती साधी वर्णने आहेत: दाबून काढलेली, आखडलेली, डागाळलेली, बुडवलेले. अर्थ कळला की कपात काय येणार याचा अंदाज बांधता येतो. काही शब्द मात्र फसवे आहेत, तिथे जरा थांबावे लागते.

एस्प्रेसो आणि त्याची भावंडे

एस्प्रेसो म्हणजे दाबून बाहेर काढलेली. बारीक दळलेल्या, घट्ट दाबलेल्या पावडरीतून सुमारे ९ बार दाबाने ९० ते ९६ अंश सेल्सियसचे पाणी ढकलतात. इटलीतले रूढ प्रमाण ७ ग्रॅम पावडर, २५ सेकंद आणि कपात २५ मिलिलिटर. आजच्या कॅफेत बहुधा दुहेरी माप वापरतात: १८ ग्रॅम पावडरीतून २५ ते ३० सेकंदांत ३६ ग्रॅम कॉफी. या दुहेरी मापालाच ‘डोपियो’ म्हणतात. एस्प्रेसो ही बियांची जात नाही आणि भाजण्याचा प्रकारही नाही; ती काढण्याची पद्धत आहे. पाकिटावर ‘एस्प्रेसो रोस्ट’ लिहिलेले असते, त्याचा अर्थ एवढाच की भाजणाऱ्याने ती कॉफी या पद्धतीसाठी योग्य ठरवली आहे.

मिलानच्या लुइजी बेझेराने १९०१ मध्ये एस्प्रेसो यंत्राचे पेटंट घेतले, पण त्याच्या यंत्रात वाफेचाच दाब होता आणि तो फार कमी होता. आज कपावर दिसणारा तांबूस-सोनेरी थर, म्हणजे ‘क्रेमा’, तेव्हा नव्हता. तो आला आकिले गाज्जाच्या दांड्याच्या यंत्रामुळे, १९४० च्या दशकाच्या शेवटी. क्रेमा म्हणजे साय, पण त्यात दूध नसते. भाजलेल्या बियांत अडकलेला कार्बन डायऑक्साइड दाबाखाली कॉफीत विरघळतो आणि कपात येताच बारीक बुडबुड्यांच्या रूपात तेलांसह वर येतो. म्हणून बिया शिळ्या असतील तर क्रेमा पातळ पडतो आणि लगेच विरतो. उलटे मात्र खरे नाही. रोबस्टा या जातीच्या कॉफीत क्रेमा जाड येतो, त्यामुळे जाड क्रेमा म्हणजे उत्तम कॉफी असे समजू नये.

‘रिस्ट्रेटो’ म्हणजे आखडलेली: तेवढ्याच पावडरीतून कमी पाणी, १८ ग्रॅमला साधारण १८ ते २७ ग्रॅम कॉफी. ‘लुंगो’ म्हणजे लांबवलेली: तेवढ्याच पावडरीतून जास्त पाणी, ५४ ग्रॅम किंवा त्याहून अधिक. इथे नेहमी गल्लत होते. जास्त कॉफी हवी म्हणून एस्प्रेसोचीच धार चालू ठेवली तर शेवटी पावडरीतले कडू, तुरट घटक उतरतात. लुंगो नीट करायची तर दळण थोडे जाड करावे लागते. नुसती पातळ कॉफी हवी असेल तर ‘अमेरिकानो’ घ्यावी. तिच्यात एस्प्रेसो नेहमीसारखीच काढून वेगळे गरम पाणी मिसळतात. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये ‘लाँग ब्लॅक’ म्हणतात ती हीच, फक्त क्रम उलटा: आधी पाणी, वर एस्प्रेसो. त्यामुळे क्रेमा मोडत नाही.

दुधाचे मापच नाव ठरवते

‘लाटे’ म्हणजे इटालियनमध्ये नुसते दूध. पूर्ण नाव ‘कॅफे लाटे’. इटलीत काउंटरवर फक्त ‘लाटे’ म्हटले तर दुधाचा पेला मिळण्याची शक्यता जास्त. कॅफेत मिळणारी लाटे म्हणजे एक किंवा दोन माप एस्प्रेसो, त्यावर दोन-अडीचशे मिलिलिटर गरम दूध आणि वर जेमतेम बोटाच्या जाडीइतका फेस.

‘कॅपुचिनो’ हे नाव कापुचिन या ख्रिस्ती पंथातल्या साधूंच्या झग्याच्या तपकिरी रंगावरून आले. व्हिएन्नात त्याआधी ‘कापुत्सिनर’ नावाची कॉफी मिळायचीच. इटलीतले मोजमाप नेमके आहे: २५ मिलिलिटर एस्प्रेसो आणि १०० मिलिलिटर थंड दूध, जे वाफेने फुगून १२५ होते. म्हणजे सगळा कप १५० मिलिलिटरचा. आपल्याकडे मोठ्या मगात मिळणारी कॅपुचिनो बहुधा जास्त फेसाची लाटेच असते. वर चॉकलेट भुरभुरणे ऐच्छिक आहे, त्याने कॉफीचे नाव बदलत नाही.

‘फ्लॅट व्हाइट’ ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड दोघेही आपली म्हणतात. दुहेरी एस्प्रेसो, एकूण दीडशेच्या आसपास मिलिलिटर आणि फेस पातळ, रेशमी. ‘कोर्टाडो’ स्पॅनिश शब्द, अर्थ ‘कापलेली’: एस्प्रेसोइतकेच गरम दूध घालून तिचा कडूपणा कापायचा, फेस जवळपास नाही.

फसवा शब्द आहे ‘माकियाटो’, म्हणजे डागाळलेली. कोण कोणाला डाग लावतो, हे शेजारच्या शब्दावरून ठरते. ‘एस्प्रेसो माकियाटो’ म्हणजे एस्प्रेसोवर चमचाभर फेसाचा डाग. कप लहान, चव कडक. ‘लाटे माकियाटो’ म्हणजे उंच पेल्यातल्या दुधाला वरून ओतलेल्या एस्प्रेसोचा डाग. पेला मोठा, चव दुधाळ. साखळी कॅफेतली ‘कॅरॅमल माकियाटो’ दुसऱ्या घराण्यातली, म्हणजे सिरप घातलेली गोड, दुधाळ. नुसते ‘माकियाटो’ मागितले तर काय येईल हे दुकानावर अवलंबून आहे, म्हणून मागवतानाच विचारावे.

दुधाबद्दल एक गोष्ट. फेस धरून ठेवतात ती दुधातली प्रथिने. दूध ५५ ते ६५ अंशांपर्यंत तापवले तर ते गोडसर लागते आणि फेस बारीक राहतो. ७० च्या वर गेले की उकळल्या दुधाचा वास येऊ लागतो आणि फेस खरबरीत होतो. ‘एकदम कडकडीत लाटे’ मागितल्यावर बरिस्ता, म्हणजे कॉफी बनवणारा, कां कू करतो ते याचमुळे.

‘आफोगाटो’ म्हणजे बुडवलेले: आइस्क्रीमच्या गोळ्यावर ओतलेली गरम एस्प्रेसो. पेय की खाद्य, तुम्हीच ठरवा.

मोका, मोका आणि मोका

मोखा हे येमेनच्या किनाऱ्यावरचे बंदर. शतकानुशतके कॉफीची निर्यात इथून झाली, म्हणून बंदराचे नावच कॉफीला चिकटले. सूफी संत बाबा बुदन यांनी चिक्कमगळूरच्या डोंगरात आणून लावलेल्या सात बिया मोख्याहूनच आणल्या, अशी परंपरा सांगते. पाकिटावर ‘मोखा’ असेल तर तो या गावाचा, म्हणजे येमेनी कॉफीचा उल्लेख असू शकतो.

कॅफेच्या पाटीवरचा ‘मोका’ वेगळा: चॉकलेट घातलेली लाटे. येमेनी कॉफीच्या चवीत चॉकलेटची छटा असते असे मानत, त्यातून हा अर्थ रुळला, असे साधारणपणे सांगितले जाते.

तिसरा ‘मोका’ म्हणजे भांडे. इटलीत आल्फोन्सो बियालेट्टी यांच्या कारखान्यात १९३३ मध्ये आलेले, अष्टकोनी ॲल्युमिनियमचे, गॅसवर ठेवायचे. यातली कॉफी कडक असते, पण एस्प्रेसो नव्हे. दाब एक-दोन बारच्या पुढे जात नाही. वापरताना खालच्या भांड्यात पाणी सुरक्षा झडपेच्या खालपर्यंतच भरावे, वर नाही. गाळणीत पावडर काठोकाठ भरून सपाट करावी, दाबू नये. दाबली तर पाणी अडते आणि कडू, जळकट कॉफी येते किंवा झडपेतून वाफ सुटते. आच मंद. गुरगुर आवाज सुरू झाला की लगेच उतरवावे, कारण त्यानंतर वर चढते ती मुख्यतः वाफ.

मराठीत लिहायचे कसे

‘एक्स्प्रेसो’पासूनच सुरुवात. मूळ इटालियन शब्दात ‘क्स’ नाही, म्हणून ‘एस्प्रेसो’. ‘क्स’वाल्यांना अगदीच अडाणी ठरवू नये, पोर्तुगीजमध्ये आणि बऱ्याचदा फ्रेंचमध्येही ‘क्स’ असलेले रूप चालते. पण घाईशी, एक्स्प्रेस गाडीशी त्याचा संबंध जोडून लिहू नये.

ह्रस्व-दीर्घाचा प्रश्न मराठीच्या नियमांनीच सुटतो. शब्दाच्या शेवटी येणारे इकार-उकार दीर्घ: कॉफी, चिकोरी, पीबेरी, ब्रू. अकारान्त शब्दातले उपान्त्य अक्षर दीर्घ: क्रीम, बीन, कॅफीन. शेवट ओकारान्त असेल तर त्याआधीचे ह्रस्व, म्हणून ‘कॅपुचिनो’, ‘कॅपुचीनो’ नव्हे. जोडाक्षराआधीचे ह्रस्व: फिल्टर, रिस्ट्रेटो. अनुस्वार असलेले ह्रस्व: लुंगो. एवढे पाळले तर निम्मे फलक दुरुस्त होतील.

दुसरी चूक हिंदीतून येते. हिंदीत ‘कैफ़े’, ‘कैपुचीनो’ लिहितात, कारण तिथे ऐकार वेगळा उच्चारतात. मराठीत ‘कै’ म्हणजे कैरीतला ‘कै’. आपल्याकडे त्या उच्चारासाठी ‘ॲ’ आणि ‘ऑ’ आहेतच. शासनाच्या २००९ च्या निर्णयाने वर्णमालेतही ते आले. म्हणून कॅफे, कॅपुचिनो, ॲसिडिटी. फ आणि ज खालचा नुक्ताही मराठीत लागत नाही.

तिसरी चूक डोळ्यांना दिसत नाही. ‘कॉ’ हे अक्षर ‘ॉ’ या एकाच चिन्हाने टंकायचे असते. काही जण आधी काना आणि मग अर्धचंद्र टंकतात. पडद्यावर ‘काॅफी’ जवळपास तशीच दिसते, पण संगणकाला ते दोन वेगळे शब्द वाटतात. मेनूत किंवा दुकानाच्या संकेतस्थळावर असे लिहिले तर शोधणाऱ्याला ते सापडत नाही.

इटालियनमधला ‘त’ दंत्य आहे, म्हणजे काटेकोर उच्चार ‘लात्ते’, ‘माक्कियातो’. पण हे शब्द आपल्यापर्यंत इंग्रजीतून आले आणि ‘ट’ रुळला. दोन्हीपैकी एक धरावे. एकाच फलकावर ‘लाटे’ आणि ‘माक्कियातो’ असे मिश्रण नको. आम्ही ‘ट’ धरतो, कारण काउंटरवर तेच ऐकू येते. ‘लॅटे’ हेही रूप दिसते. ते इंग्रजी उच्चाराला धरून आहे, चूक नाही, फक्त मूळ उच्चारापासून दूर आहे. लिंगाचा प्रश्न सोपा: कॉफी स्त्रीलिंगी, म्हणून तिची नावेही बहुधा स्त्रीलिंगी चालतात. ‘गरम लाटे आणली’, ‘एक एस्प्रेसो दिली’.

डिकॉक्शन: नाव काढ्याचे, कृती गाळण्याची

दाक्षिणात्य फिल्टर कॉफीतल्या अर्काला डिकॉक्शन म्हणतात. शब्दाचा मूळ अर्थ काढा, म्हणजे उकळून आटवलेला अर्क. प्रत्यक्षात तो उकळत नाहीत, थेंब थेंब गाळतात. उलट पातेल्यात पाणी, साखर, पावडर, दूध एकत्र उकळून शेवटी जायफळ किसून टाकलेली आपली घरगुती कॉफीच काढ्याच्या व्याख्येत चपखल बसते!

फिल्टरचे चार भाग: छिद्रांचे वरचे भांडे, दांडीची चकती, खालचे भांडे, झाकण. वरच्या भांड्यात २० ते २५ ग्रॅम पावडर घालून सपाट करा, चकती हलकेच ठेवा. उकळून अर्धा मिनिट थांबलेले पाणी आधी थोडेसे, पावडर भिजेल इतके ओता. अर्ध्या मिनिटाने उरलेले, एकूण १०० ते १२० मिलिलिटर. झाकण ठेवून १५ ते २० मिनिटे थांबा. पाणी तीन-चार मिनिटांतच खाली गेले तर पावडर जाड आहे किंवा सैल भरली आहे आणि अर्क पातळ होईल. अजिबात उतरत नसेल तर पावडर फार बारीक आहे किंवा चकती जोराने दाबली आहे. वरचे भांडे किंचित उचलून ठेवा, अडकलेली हवा निघते. एक भाग अर्काला तीन-चार भाग गरम दूध. अर्क गार झाला तर तो गॅसवर ठेवू नका, दूध जास्त तापवा. पुन्हा तापवलेल्या अर्काला राखेसारखी चव येते.

फिल्टरची पावडर आणि इन्स्टंट पावडर एक नव्हे. पहिली दळलेली बी आहे, ती विरघळत नाही. दुसरी म्हणजे आधीच काढून वाळवलेला अर्क, तो पूर्ण विरघळतो. चुकून पहिली दुधात ढवळली तर तळाशी गाळ बसतो आणि लोक पावडरीला भेसळयुक्त म्हणतात.

पाकिटावरचे शब्द

भारतीय कॉफीच्या प्रतवारीतले तीन शब्द बाहेरच्यालाच नव्हे, आपल्यालाही चकवतात. ‘प्लांटेशन’ म्हणजे मळा नव्हे. फळाचा गर काढून, आंबवून, धुऊन वाळवलेली अरेबिका. तसेच केलेल्या रोबस्टाला ‘पार्चमेंट’ म्हणतात. अख्खे फळ उन्हात वाळवून मग बी काढली तर दोन्ही जातींत ‘चेरी’. ‘रोबस्टा चेरी’ लिहिलेल्या पाकिटात चेरीची चव शोधू नये. मागचे ‘एए’, ‘ए’, ‘बी’ हे दाण्याचे आकार आहेत, चवीचे गुण नव्हेत. ‘पीबी’ म्हणजे पीबेरी: फळात दोन चपट्या बियांऐवजी एकच गोल बी. ‘हनी प्रोसेस’मध्ये मध नसतो, गराचा चिकट थर बीवर ठेवूनच ती वाळवतात, त्या चिकटपणावरून नाव. ‘मॉन्सून्ड मलबार’ मात्र नावाप्रमाणेच आहे: पश्चिम किनाऱ्यावरच्या गोदामांत पावसाळी दमट वारा खाऊन फुगलेल्या, फिकट पडलेल्या बिया, आंबटपणा जवळपास गेलेला.

सगळ्यात जास्त घोटाळा ‘स्ट्राँग’चा. या एका शब्दात तीन वेगळ्या गोष्टी मिसळल्या आहेत: पाण्याच्या मानाने पावडर किती, भाजणी किती गडद आणि कॅफीन किती. गाळून केलेल्या काळ्या कॉफीसाठी लिटरला ५५ ते ६० ग्रॅम पावडर हे प्रमाण धरतात. ते वाढवले तर कॉफी खरोखर दाट होते. गडद भाजणीने फक्त कडूपणा वाढतो, कॅफीन नाही. कॅफीन ठरते ते जातीवरून: अरेबिकात सुमारे १.२ टक्के, रोबस्टात सुमारे २.२. आणि चिकोरीत शून्य. ती कॉफीच नव्हे, एका झाडाचे भाजलेले मूळ आहे. तिने अर्क काळा, दाट, गोडसर-कडू होतो, म्हणून चिकोरीची कॉफी दिसते स्ट्राँग आणि झोप मात्र कमी उडवते. कायद्याने अशा मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के हवी आणि प्रमाण पाकिटावर छापलेले हवे. ‘७०:३०’ दिसले तर तीस टक्के चिकोरी. ‘कॉफी’ आणि ‘कॉफी-चिकोरी मिश्रण’ ही दोन वेगळी लेबले आहेत, दुसरे बरेचदा बारीक अक्षरांत असते.

आंबट आणि ॲसिडिटी यांतही फरक धरतात. चाखणारे ‘ॲसिडिटी चांगली’ म्हणतात तेव्हा त्यांना संत्र्यासारखा तजेला अभिप्रेत असतो, पोटातली जळजळ नव्हे. नुसता बोचरा आंबटपणा बहुधा अर्क अपुरा उतरल्याचा असतो: दळण जाड, पाणी कोमट किंवा वेळ कमी. कडू-तुरट कोरडेपणा याच्या उलट, अर्क जास्त उतरल्याचा. चव बिघडली तर आधी दळण बदलावे, बाकी सगळे तसेच ठेवून. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने सुधारले ते कळत नाही.

शेवटी तारीख. ‘बेस्ट बिफोर’ म्हणजे त्या तारखेपर्यंत दर्जा टिकेल, चव टवटवीत असेल असे नव्हे. बघायची ती ‘रोस्ट डेट’, म्हणजे भाजल्याची तारीख. अख्ख्या बिया भाजल्यानंतर साधारण आठवड्याने खुलतात आणि बंद पाकिटात महिना-दीड महिना चांगल्या राहतात. दळलेली पावडर उघडल्यावर काही दिवसांतच वास गमावते. पाकिटाला बारीक छिद्राची झडप असते ती वायू बाहेर पडावा म्हणून. घट्ट झाकणाच्या डब्यात, उजेड आणि ओल यांपासून दूर ठेवावे. फ्रिजमध्ये नको: दर वेळी बाहेर काढताना पावडरीवर दव धरते, शिवाय शेजारच्या लसणाचा वासही लागतो.